राजाचा रमणा, रयतेची फुप्फुसे

इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाचा पहिला वार्षिक अहवाल 1839 मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकशास्त्र शिकून आकडेवारीकडे वळलेल्या विल्यम फार याने त्यात मृत्यूंच्या नोंदींचा हिशेब मांडला होता. लंडनच्या श्रीमंत पश्चिम भागात माणसे ज्या वयात मरत, त्यापेक्षा पूर्वेकडच्या कामगारवस्तीत ती फार लवकर मरत होती. यावर फारने एक उपाय सुचवला, पण तो औषधाचा किंवा रुग्णालयाचा नव्हता. पूर्व लंडनमध्ये एक मोठे उद्यान केले, तर वर्षाकाठी काही हजार मृत्यू टळतील आणि तिथल्या लोकांच्या आयुष्यात काही वर्षांची भर पडेल, असे त्याने लिहिले.

पुढच्याच वर्षी सुमारे 30 हजार लोकांच्या सह्यांचा अर्ज राणी व्हिक्टोरियाकडे गेला. राजसत्तेच्या मालकीचा एक महाल विकून आलेल्या पैशांतून जमीन घेतली गेली आणि 1845 मध्ये सुमारे 200 एकरांचे ‘व्हिक्टोरिया पार्क’ लोकांसाठी खुले झाले. ज्यांच्या घरात न्हाणीघर नव्हते, असे कामगार तिथल्या तलावात आंघोळीला येऊ लागले.

फारचे कारण मात्र चुकले होते. दूषित, कुबट हवेतूनच रोग पसरतात, असे त्या काळातल्या बहुतेक वैद्यांप्रमाणे तोही मानत असे. जिवाणूंमुळे रोग होतात, हे अजून सिद्ध व्हायचे होते. पण शहरातल्या मोकळ्या हिरव्या जागेचा माणसांच्या आयुर्मानाशी संबंध आहे, हा त्याचा अंदाज आजच्या संशोधनाशी बराचसा जुळतो. म्हणूनच लंडनला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी, आणि मुलांकडे दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांनी तर नक्कीच, तिथल्या शाही उद्यानांकडे केवळ फोटो काढण्याची जागा म्हणून पाहू नये.

शिकारीचे रान ते सार्वजनिक बाग

लंडनमध्ये आज आठ ‘रॉयल पार्क्स’ आहेत. हाइड पार्क, केन्सिंग्टन गार्डन्स, ग्रीन पार्क आणि सेंट जेम्सेस पार्क ही चार शहराच्या मध्यभागी आहेत. रीजंट्स पार्क त्यांच्या थोडे उत्तरेला, ग्रीनिच पूर्वेला, तर रिचमंड आणि बुशी पार्क नैर्ऋत्येला आहेत. सगळी मिळून जमीन सुमारे 5,000 एकर. एकटे हाइड पार्क 350 एकरांचे, म्हणजे दादरचे शिवाजी पार्क त्यात बारा वेळा मावेल. मालकी राजसत्तेची असली, तरी 2017 पासून एक धर्मादाय संस्था या उद्यानांची व्यवस्था पाहते. आत जायला तिकीट नाही.

ही मोकळीक सुरुवातीपासून नव्हती. यातली बरीचशी जमीन म्हणजे आपल्याकडे ज्याला रमणा म्हणत तसे, राजाच्या शिकारीसाठी कुंपण घालून राखलेले रान होते. आठव्या हेन्रीने 1536 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीच्या मठाकडून हाइड पार्कची जमीन घेतली ती हरणांच्या शिकारीसाठी. पहिल्या चार्ल्सने 1637 मध्ये ती लोकांना खुली केली आणि त्याच सुमारास रिचमंडच्या विस्तीर्ण रानाभोवती सुमारे 13 किलोमीटर लांबीची भिंत घालून घेतली. त्या रानात लोकांची शेते आणि सामाईक कुरणे होती. नाराजी एवढी होती, की लोकांना आतून जाण्या-येण्याचा हक्क त्याला ठेवावा लागला.

1665 मध्ये लंडनमध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा शहरातली गर्दी टाळण्यासाठी अनेक कुटुंबांनी हाइड पार्कमध्ये तळ ठोकला. मोकळी जागा म्हणजे सुरक्षित जागा, ही समजूत लोकांच्या मनात तेव्हापासून आहे.

तरीही जागा पुन्हा बंद करण्याचा मोह राजघराण्याला होतच राहिला. दुसऱ्या जॉर्जची राणी कॅरोलाइन हिने पंतप्रधान वॉलपोल यांना विचारले, की उद्यान लोकांसाठी बंद करून पुन्हा खासगी करायला किती खर्च येईल? ‘फक्त तीन क्राउन’, असे वॉलपोल म्हणाले, अशी कथा आहे. क्राउन हे तेव्हाचे एक नाणे, आणि क्राउन म्हणजे मुकुटही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिन्ही राज्यांवर पाणी सोडावे लागेल, असा त्या उत्तरातला इशारा. राणीने विचार सोडला.

तिच्या मुलीने मात्र तो धडा घेतला नाही. राजकन्या अमेलिया 1751 मध्ये रिचमंड पार्कची प्रमुख झाली आणि तिने परवाना असलेल्या मोजक्या लोकांखेरीज सगळ्यांना दारे बंद केली. रिचमंडमध्ये बिअर तयार करणारा जॉन लुइस हा व्यावसायिक त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि 1758 मध्ये खटला जिंकला. भिंत ओलांडण्यासाठी दार हवे की शिडी, असे न्यायाधीशांनी विचारले. लुइसने शिडी मागितली, कारण दार पुन्हा बंद करता येते. शिडी बसवली गेली, पण पायऱ्यांमध्ये मुद्दाम एवढे अंतर ठेवले होते, की मुलांना आणि म्हाताऱ्यांना चढताच येईना. लुइस पुन्हा न्यायाधीशांकडे गेला. त्यावर, पोरे आणि म्हातारेच काय, म्हाताऱ्या बायकाही चढू शकतील अशी शिडी करा, असा आदेश निघाला.

मोकळ्या जागेचा आरोग्याला उपयोग व्हायचा, तर वयस्कर माणसाला तिथे पोहोचता आले पाहिजे, ही गोष्ट एका न्यायाधीशाने पावणेतीनशे वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली आहे.

उद्यानांना ‘लंडनची फुप्फुसे’ म्हणण्याची पद्धतही जुनी आहे. हाइड पार्कच्या कडेला घरे बांधण्याचा प्रस्ताव 1808 मध्ये आला, तेव्हा खासदार विल्यम विंडहॅम यांनी संसदेत लॉर्ड चॅथम यांच्या नावावर असलेल्या या वचनाची आठवण करून दिली. आज हे शब्द जगभरातल्या शहरांमध्ये वापरले जातात.

मुंबईकराची पाणपोई

रीजंट्स पार्कमधल्या ‘ब्रॉड वॉक’ या रुंद रस्त्यावर संगमरवर आणि ग्रॅनाइटमधली एक देखणी पाणपोई उभी आहे. ती बांधण्यासाठी पैसे दिले ते मुंबईच्या सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि भायखळ्याचे नेत्र रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, तेच हे पारशी दानशूर. ही पाणपोई 1869 मध्ये खुली झाली.

तिच्यामागेही आरोग्याचीच गोष्ट आहे. लंडनमध्ये 1854 मध्ये कॉलऱ्याची साथ आली असताना, रोग हवेतून नव्हे तर पाण्यातून पसरतो, हे डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाच्या उदाहरणावरून दाखवून दिले. त्यानंतर 1859 मध्ये शहरात शुद्ध पाणी फुकट मिळावे यासाठी एक संस्था स्थापन झाली आणि रस्तोरस्ती, उद्यानांमध्ये पाणपोया उभ्या राहू लागल्या. आपल्या शहरातल्या माणसाने त्या कामाला हातभार लावला होता, हे रीजंट्स पार्कमध्ये फिरताना ठाऊक असलेले बरे.

विज्ञान काय सांगते?

हिरव्या जागांचा आणि आरोग्याचा संबंध शास्त्रीय पद्धतीने मोजायला सुरुवात झाली ती गेल्या 40 वर्षांत. अमेरिकेतील रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. अभ्यास छोटा होता, पण रुग्णालये कशी बांधावीत याचा विचार त्यामुळे बदलला.

फारच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा अभ्यास 2008 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. रिचर्ड मिचेल आणि फ्रँक पॉपहॅम यांनी इंग्लंडमधल्या सुमारे चार कोटी लोकांची माहिती घेतली. गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरात फरक सगळीकडेच होता, पण जिथे हिरवळ जास्त होती, तिथे तो कमी आढळला. याचा अर्थ असा, की झाडांचा उपयोग सगळ्यांनाच होत असला, तरी ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याला तो अधिक होतो.

हिरवळीत किती वेळ घालवावा? इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान 120 मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन:स्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हा वेळ एकदम घालवला की तुकड्या-तुकड्यांत, याने फरक पडला नाही. दीर्घकालीन आजार असलेल्यांतही हेच दिसले. अर्थात मुळात ज्यांची तब्येत बरी, तेच जास्त बाहेर पडतात, असेही असू शकते. त्यामुळे हा आकडा औषधाच्या मात्रेसारखा काटेकोर धरू नये. आठवड्याला दोन तास हे ध्येय मात्र कोणालाही पेलण्याजोगे आहे.

उष्णतेच्या बाबतीत पुरावा आणखी थेट आहे. शहरातले डांबर, सिमेंट आणि विटा दिवसभर ऊन शोषतात आणि रात्री ती उष्णता सोडतात. त्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा शहराची रात्र गरम असते. केन्सिंग्टन गार्डन्सच्या आसपास तापमापक लावून संशोधकांनी याचा अभ्यास केला. उद्यानामुळे काही रात्री बाहेरच्या रस्त्यांवरचे तापमान 4 अंशांपर्यंत कमी झालेले आढळले, आणि हा गारवा उद्यानाच्या सीमेपासून जास्तीत जास्त सुमारे 440 मीटरपर्यंत पोहोचला. झाडांच्या पानांतून पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, आणि मोकळे गवत रात्री लवकर थंड होते, ही त्यामागची कारणे.

चार अंश हा आकडा किरकोळ वाटेल. पण उष्णतेच्या लाटेत वृद्धांना धोका असतो तो दुपारच्या उन्हाइतकाच, न निवणाऱ्या रात्रीचा. शरीराला सावरायला उसंत मिळत नाही आणि हृदयावरचा ताण वाढत जातो. ऑगस्ट 2003 मधल्या लाटेत इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा सुमारे 2,000 जास्त मृत्यू झाले. जुलै 2022 मध्ये लंडनचा पारा पहिल्यांदाच 40 अंशांच्या वर गेला. तिथली बहुतेक घरे उष्णता धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत आणि त्यांत पंखासुद्धा नसतो. अशा वेळी सकाळी किंवा संध्याकाळी उद्यानातल्या मोठ्या झाडाखाली बसणे हाही उपचारच.

कोणी कुठे जावे?

ज्यांना सपाटीवर, हळूहळू चालायचे आहे त्यांच्यासाठी सेंट जेम्सेस पार्क उत्तम. उद्यान लहान आहे, बाके भरपूर आहेत आणि तळ्यात पेलिकन पक्षी आहेत. 1664 मध्ये रशियाच्या राजदूताने दुसऱ्या चार्ल्सला पेलिकन भेट दिले, तेव्हापासून ते या तळ्याचे रहिवासी आहेत. कापडी आरामखुर्च्यांना भाडे पडते, लाकडी बाके फुकट असतात.

तिथून ग्रीन पार्क, हाइड पार्क आणि केन्सिंग्टन गार्डन्स असे सलग चालत जाता येते. या चार उद्यानांतून राजकन्या डायनाच्या स्मरणार्थ आखलेला 11 किलोमीटरचा मार्ग आहे. तो एका दिवसात संपवण्याचा अट्टहास नको. हाइड पार्क पहाटे 5 ते मध्यरात्रीपर्यंत उघडे असते, तेव्हा सोयीची वेळ निवडता येते.

हृदयाला थोडा व्यायाम हवा असेल, तर ग्रीनिच. हे रान 1433 मध्ये कुंपण घालून राखले गेले. टेकडीवर 1675 ची वेधशाळा आहे आणि तिथूनच शून्य रेखावृत्त जाते. चढताना बोलता येते पण गाता येत नाही, अशी गती मध्यम व्यायामाची समजावी. बोलताही येत नसेल, तर थांबावे. छातीत दडपण आले, तर टेकडी सोडून द्यावी आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

जूनमध्ये रीजंट्स पार्कमध्ये हजारो गुलाब फुललेले असतात, तर एप्रिलअखेर ते मे महिन्यात रिचमंडच्या इझाबेला प्लांटेशनमध्ये अझेलियांचा बहर असतो. रिचमंडमध्ये 600 हून अधिक हरणे मोकळी फिरतात, कित्येक शतके जुने ओक आहेत आणि त्यांच्या कुजणाऱ्या लाकडावर जगणारे असंख्य जातींचे भुंगेरे आहेत. पडलेले झाड तिथे मुद्दाम उचलत नाहीत ते यासाठीच.

बुशी पार्कचे महत्त्व वेगळे. 2 ऑक्टोबर 2004 रोजी तिथे 13 जण 5 किलोमीटर धावायला जमले. त्यातून ‘पार्करन’ हा दर शनिवारचा मोफत उपक्रम सुरू झाला आणि वीसहून अधिक देशांत पसरला. त्यात धावलेच पाहिजे असे नाही, चालणाऱ्यांचेही स्वागत असते. 2018 पासून ब्रिटनमधले अनेक फॅमिली डॉक्टर रुग्णांना तिकडे पाठवतात.

विमानातून उतरल्यावर

भारतातून लंडनला गेल्यावर पहिले काही दिवस पहाटे तीन-चारला जाग येते आणि संध्याकाळी डोळे मिटू लागतात. कारण शरीराचे घड्याळ भारतीय वेळेनेच चालत असते. त्याला मागे सरकवायचे, तर संध्याकाळचा उजेड उपयोगी पडतो, कारण उजेडामुळे झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवते. जूनमध्ये लंडनचा सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी साडेपाचनंतर तासभर उद्यानात फिरावे. भारतात परतल्यावर याच्या उलट, सकाळचा उजेड घ्यावा, पण सुरुवातीचे एक-दोन दिवस तो थोडा उशिराने.

हिवाळ्यात जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबई 19 अक्षांशावर आहे, लंडन 51 च्या पुढे. ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हात त्वचेला ‘ड’ जीवनसत्त्व तयार करता येईल इतकी अतिनील किरणे नसतात, आणि सावळ्या त्वचेला तर ती अधिक लागतात. या काळात रोज 10 मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घ्यावे, असा तिथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे. आधीच गोळ्या चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. हिवाळ्यातले फिरणे ‘ड’ जीवनसत्त्व देत नसले, तरी सांधे, झोप आणि मन यांसाठी ते हवेच.

थोडी सावधगिरी

रिचमंड आणि बुशीमधल्या हरणांपासून किमान 50 मीटर दूर राहावे. त्यांना खायला घालू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माजावर आलेले नर आक्रमक असतात, तर मे ते जुलैमध्ये पाडसांच्या आया.

उंच गवतातून चालताना गोचीड चिकटण्याची शक्यता असते. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर अंग तपासावे. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावी. काही गोचिडींमधून ‘लाइम’ रोग होतो. चावल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल गोल चट्टा उठला किंवा ताप आला, तर डॉक्टरकडे जावे. तोपर्यंत भारतात परतला असाल, तर इंग्लंडमधल्या उद्यानात फिरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आपल्याकडे हा आजार क्वचित दिसतो, त्यामुळे सांगितल्याशिवाय तो लक्षात येणे कठीण.

मे ते जुलैमध्ये ओकच्या खोडांवर रांगेने चालणारे केसाळ सुरवंट दिसतील. त्यांच्या केसांमुळे खाज, पुरळ आणि दम्याचा त्रास होऊ शकतो. नातवंडांना हात लावू देऊ नये. गवताच्या परागकणांचा हंगामही हाच. ज्यांना शिंका, डोळ्यांची खाज किंवा दमा आहे, त्यांनी आपली औषधे सोबत ठेवावीत.

एवढी काळजी घेतली, तर बाकी काम सोपे आहे. मुलगा-सून कामावर गेल्यावर परदेशातल्या चार भिंतींत दिवस सरता सरत नाही, ही तक्रार अनेक आई-वडील करतात. अशांनी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी शोधून ठेवाव्यात: जवळच्या उद्यानाचे सर्वांत सोयीचे दार, ते बंद होण्याची वेळ आणि आतले स्वच्छतागृह. मग रोज एकाच वेळी, एकाच बाकावर जाऊन बसावे. आठवड्याभरात कोणीतरी ओळखीचे हसू लागते.

आणि परत आल्यावर आपल्या गल्लीतल्या बागेकडेही याच नजरेने पाहावे. दार किती वाजता उघडते, पायऱ्या आजीला चढता येतात का, सावली आहे का, प्यायला पाणी आहे का? प्रभागात एखादा मोकळा भूखंड उरला असेल आणि त्याचे काय करायचे यावर चर्चा चालू असेल, तर बागेचा आग्रह धरताना फारचा तो अहवाल जरूर आठवावा. बागेचा खर्च महापालिकेच्या उद्यान खात्यात दिसतो, तिचा जमेचा हिशेब मात्र आरोग्य खात्यात मांडावा लागतो.